जुना पिकअप घेताना पुढच्या चाकांची परीक्षा

गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे, जयगड या किनारपट्टीवर धंदा करणाऱ्या माणसाचे गाडीवाचून चालत नाही. मिरकरवाड्याची मासळी असो, हापूसच्या पेट्या असोत, लॉज-हॉटेलांचा किराणा असो, नारळ, जांभ्याचे चिरे किंवा सुतारकामाचे फर्निचर असो, माल वेळेवर पोचला तरच त्याचे पैसे होतात. नवा पिकअप घेण्याइतके भांडवल सर्वांकडे नसते. त्यामुळे आपल्यातील बरेच छोटे व्यापारी व कारागीर जुन्या गाडीने सुरुवात करतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र जुनी गाडी पाहताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, धूर पाहतात, रंग पाहतात, हौदा पाहतात आणि सौदा करून मोकळे होतात. पुढच्या चाकांखाली वाकून पाहणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो.

इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. पुढच्या चाकाचा सांधा निखळला तर चाक आडवे पडते, स्टेअरिंग हातात राहूनही निकामी होते आणि गाडी आपल्या मर्जीने जाते. हे आंबा घाटाच्या वळणावर भरल्या गाडीत घडले तर मालाबरोबर माणसेही जातात. म्हणून या लेखात पुढच्या सस्पेन्शनची झीज कशी होते, ती कशी ओळखावी आणि सौदा करताना तिचा हिशेब कसा धरावा, याची माहिती क्रमाने देत आहोत.

पुढची रचना दोन प्रकारची

आपल्याकडे मालवाहू पिकअपचा जमाना तसा फार जुना नाही. टेल्को कंपनीने (आजची टाटा मोटर्स) १९८८ साली टाटामोबाईल काढली. २००५ साली त्याच कंपनीची टाटा एस, म्हणजे लोकांची ‘छोटा हत्ती’, बाजारात आली आणि तीनचाकी टेम्पोवाल्यांच्या हाती चारचाकी गाडी आली. महिंद्राच्या पिकअप तर आज कोकणातल्या प्रत्येक बाजारपेठेत उभ्या दिसतात. कंपनी आणि मॉडेल कोणतेही असो, पुढची रचना मुख्यत्वे दोनपैकी एका प्रकारची असते. गाडी पाहताना प्रथम वाकून ती कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावे.

पहिला प्रकार सरळ अ‍ॅक्सलचा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच जाड दांडा असतो आणि तो दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर बसवलेला असतो. टाटा एसची पुढची रचना अशी आहे. यात चाक वळते ते किंगपिनवर. किंगपिन म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाला उभी बसवलेली पोलादी खुंटी. तिच्या वर-खाली बुश असतात आणि त्यांना ग्रीस लागते.

दुसरा प्रकार स्वतंत्र सस्पेन्शनचा. यात प्रत्येक चाकाला वरचा व खालचा असे दोन आर्म असतात. आर्मच्या चाकाकडील टोकाला बॉल जॉइंट आणि चेसिसकडील टोकाला रबर बुश असतात. वजन पेलण्यासाठी कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असतो. टॉर्शन बार म्हणजे चेसिसला समांतर जाणारा पोलादी दांडा. तो पिळला जातो आणि स्प्रिंगचे काम करतो.

पहिला प्रकार धडधडीत पण दणकट असतो. दुसऱ्यात बसणाऱ्याला आराम जास्त, पण झिजणारे सांधेही जास्त. शॉकअप, चाकाचे बेअरिंग, टाय रॉड आणि त्याची टोके दोन्ही प्रकारांत असतात.

किनाऱ्यावर झीज लवकर का होते?

पहिले कारण मीठ. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीवर खारी हवा रोज बसते. मासळी वाहणाऱ्या गाडीत वितळलेला बर्फ आणि मासळीचे खारे पाणी हौद्यातून गळून थेट चेसिस, पाटे व शॅकलवर पडते. जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या धक्क्यावर चढता-उतरताना चाकाला खारे पाणी लागते ते निराळेच. मिठाने लोखंडाला गंज लवकर धरतो, हे आपण खिडकीच्या गजांवरही पाहतो.

दुसरे कारण लाल माती. जांभ्याची बारीक धूळ फाटलेल्या रबरी टोपीतून सांध्यात शिरते. आतल्या ग्रीसशी मिसळून तिचा पॉलिश पेपरसारखा लगदा होतो आणि गाडी चालते तसतसा तो सांधा घासत राहतो. बॉल जॉइंटची पाच-पन्नास रुपयांची टोपी वेळीच बदलली नाही, तर पुढे पूर्ण सांधा जातो.

तिसरे कारण पाऊस आणि खड्डे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. भरली गाडी त्यात आपटली की सगळा दणका पुढच्या सांध्यांवर व बेअरिंगवर येतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात वळणरस्त्यांवरून माल वाहिलेल्या गाड्याच आज जुन्या बाजारात विक्रीला येत आहेत, हे लक्षात ठेवावे.

चौथे कारण जादा भार. नोंदणी पुस्तकात गाडीचे रिकामे वजन व भरलेले वजन लिहिलेले असते. दोन्हींतील फरक म्हणजे गाडीची भार वाहण्याची मर्यादा, आणि त्यात चालक व सोबतची माणसेही आली. चिरे वाहताना ही मर्यादा सर्रास ओलांडली जाते. माल मागच्या चाकांच्या फार मागे गेला तर पुढचा भाग हलका होतो, स्टेअरिंग तरंगू लागते आणि प्रत्येक उंचवट्यावर पुढची चाके उडून आपटतात. घाट उतरताना याच्या उलट होते. ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो आणि पुढच्या सस्पेन्शनवर नेहमीपेक्षा जास्त ताण येतो. म्हणून ज्या गाडीने चिरे वाहिले असतील आणि नियमित पाली, साखरपा, आंबा घाट असा कोल्हापूरचा फेरा केला असेल, तिची पुढची बाजू अधिक बारकाईने पाहावी.

आधी टायर वाचावा

पुढच्या सस्पेन्शनचा खरा इतिहास टायरवर उमटलेला असतो. मालक सांगो न सांगो, टायर सांगतो.

टायर फक्त आतल्या किंवा फक्त बाहेरच्या कडेला खाल्ला असेल तर चाकाचा कल किंवा अलाइनमेंट बिघडलेले असते. त्यामागे झिजलेला बॉल जॉइंट, किंगपिन, वाकलेला आर्म किंवा बसलेली स्प्रिंग असू शकते. टायरवर हात आडवा फिरवला आणि करवतीच्या दातांसारखे एका दिशेने बोचले, तर चाकांची पुढची तोंडे प्रमाणापेक्षा आत किंवा बाहेर वळलेली आहेत असे समजावे. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप निकामी असणे, बेअरिंग ढिले असणे किंवा चाकाचा बॅलन्स नसणे ही कारणे असतात. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली आणि मधोमध झीज असेल तर हवा जास्त ठेवली गेली. या शेवटच्या दोन गोष्टी सस्पेन्शनच्या नाहीत, पण मालकाच्या निष्काळजीपणाचा अंदाज देतात.

जुन्या गाडीला पुढे दोन कोरे टायर घातलेले दिसले तर खूश होऊ नये. पुरावा नाहीसा झाला आहे, एवढाच त्याचा अर्थ धरावा. जुने टायर कुठे आहेत ते विचारावे आणि स्टेपनी काढून पाहावी. पुष्कळदा पुढचा खाल्लेला टायर तिथेच सापडतो.

उभ्या गाडीची तपासणी

गाडी सपाट जमिनीवर उभी करावी. समोर दहा पावलांवर जाऊन पाहावे. एक बाजू खाली बसली आहे का? पुढच्या चाकांचा कल दोन्हीकडे सारखा आहे का? नंतर खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) पाटा तुटलेला किंवा सरकलेला आहे का? मधला बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालते. यू-बोल्टखाली ताजा तांबूस गंज झिरपलेला असेल तर तो ढिला आहे.

२) बॉल जॉइंट व टाय रॉडच्या टोकांच्या रबरी टोप्या फाटल्या आहेत का? आतून ग्रीस बाहेर आले आहे का?

३) ग्रीसचे निप्पल जागेवर आहेत का? निप्पलवर सुकलेल्या मातीचा थर असेल तर कित्येक महिन्यांत ग्रीस गन लागलेली नाही.

४) शॉकअपवरून तेल ओघळले आहे का? नुसता दमटपणा चालतो, ओघळ चालत नाही.

५) आर्म आणि पाट्याचे हँगर चेसिसला जिथे बसतात तिथे गंजाचे पापुद्रे आहेत का? हातोडीने हलके ठोकावे. निकोप लोखंड खणखणते, सडलेले भद् वाजते. चेसिसला खालून ताजा काळा रंग फासलेला असेल तर तिथे जास्त ठोकून पाहावे.

६) आर्म, अ‍ॅक्सल किंवा टाय रॉडवर वेल्डिंगची खूण आहे का? असल्यास सौदा तिथेच सोडावा.

एक युक्ती मुद्दाम सांगतो. टॉर्शन बारच्या गाडीचा पुढचा भाग बसला असला की विक्रीपूर्वी त्याचा बोल्ट आवळून गाडी वर उचलतात. गाडी दिसायला ताठ होते, पण झिजलेला भाग झिजलेलाच राहतो आणि बॉल जॉइंट तिरक्या कोनात अडकून अधिक ताण खातात. बोल्ट शेवटपर्यंत आवळलेला दिसला, त्याच्या आट्या ताज्या चमकत असल्या आणि दोन्ही बाजूंत मोठा फरक असला तर तसे विचारावे. पाट्याच्या गाडीत जादा पाटा घालून हीच युक्ती करतात.

जॅकवरची तपासणी

ही तपासणी ओळखीच्या मिस्त्रीकडून करून घ्यावी, पण समोर उभे राहून पाहावी. मागच्या चाकांना अडण लावावी. गाडी कधीही नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नये. आधाराला जांभ्याचा चिराही लावू नये, तो भाराखाली अचानक फुटतो. लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळा वापरावा.

सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत जॅक अ‍ॅक्सलखाली लावावा. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मला जोडलेला असेल तर जॅक खालच्या आर्मखालीच, चाकाच्या शक्य तितका जवळ लावावा. तिथे जॅक चेसिसखाली लावला तर स्प्रिंगचा दाब सांध्यावर तसाच राहतो आणि झीज असूनही प्ले जाणवत नाही. पुष्कळ गाड्या या एकाच चुकीमुळे ‘पास’ होतात. स्प्रिंग वरच्या आर्मला असेल तर पद्धत वेगळी असते, तेव्हा कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे करावे.

आता चाक वर आणि खाली हात धरून आत-बाहेर हलवावे. खट् असा धक्का लागला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही प्ले राहिला तर दोष किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा. बेअरिंगचे काम सहसा हलके असते आणि किंगपिनचे खर्चिक. म्हणून ही एक परीक्षा सौद्यात हजारो रुपयांचा फरक करते.

नंतर टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचलावे. बॉल जॉइंट किंवा किंगपिनपाशी वर-खाली हालचाल दिसते का ते पाहावे. किंचित प्ले काही सांध्यांत कंपनीनेच मान्य केलेला असतो व त्याची मर्यादा पुस्तकात दिलेली असते. शेवटी चाक गोल फिरवावे. घरघर आवाज आला तर बेअरिंग गेले.

टाय रॉडसाठी गाडी खाली उतरवावी. सोबत्याने स्टेअरिंग थोडे डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि आपण प्रत्येक सांध्याकडे पाहावे. दांडा आधी हलतो आणि चाक नंतर हलते, असे जिथे दिसेल तो सांधा झिजला.

चालवून पाहणे

गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही प्रकारे चालवावी. मालक फक्त रिकामी फेरी मारू देत असेल तर सौद्याची घाई करू नये. गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरी सुमारे २५ किलोमीटर. त्या किनारी रस्त्यावर चढ, उतार आणि वळणे सर्व मिळतात. सपाट, मोकळ्या पट्ट्यात स्टेअरिंगवरची पकड हलकी करून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. वेग वाढताना स्टेअरिंग थरथरते का, ब्रेक दाबताच पुढून ‘टक्’ असा आवाज येतो का, गतिरोधकावरून उतरल्यावर पुढचा भाग दोन-तीन वेळा झुलतो का, आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होते का, हेही पाहावे. कोरड्या, ग्रीस नसलेल्या किंगपिनमुळे स्टेअरिंग जड होते व परत फिरत नाही.

दोषाचा हिशेब

दोष निघाला म्हणजे गाडी सोडूनच द्यावी असे नाही. झिजलेले बुश, शॉकअप, बेअरिंग, बॉल जॉइंट, किंगपिन हे बदलण्यासाठीच बनवलेले भाग आहेत. सडलेली चेसिस आणि वेल्डिंग केलेला आर्म या मात्र सोडण्याच्या गोष्टी आहेत.

समजा, मालक ३,२०,००० रुपये मागतो. मिस्त्रीने सांगितलेले पुढचे काम, सुटे भाग व मजुरीसह, १६,००० रुपयांचे आहे. दोन टायर १४,००० रुपयांचे. कामाला तीन दिवस लागतील आणि गाडीची रोजची मिळकत २,५०० रुपये, म्हणजे ७,५०० रुपये. एकूण ३७,५०० रुपये. म्हणून आपली बोली २,८२,५०० रुपयांच्या वर जाऊ नये. हे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून दिले आहेत. खरे दर रत्नागिरीच्या दुकानातून लेखी घ्यावेत. कागदावरचा हिशेब समोर ठेवला की घासाघीस भांडणावर जात नाही.

फिटनेस सर्टिफिकेट आहे म्हणून निश्चिंत राहू नये. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावे लागते. ते त्या दिवसाच्या तपासणीचे असते. दहा महिन्यांपूर्वीच्या सर्टिफिकेटवरून आजच्या बॉल जॉइंटची खात्री होत नाही. कागदांत फॉर्म २९ व ३०, कर्ज असल्यास फॉर्म ३५, आणि गाडी दुसऱ्या राज्यातील असल्यास तेथील ना-हरकत दाखला पाहावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावा.

दुरुस्ती करताना

किंगपिन, बॉल जॉइंट, शॉकअप हे भाग दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. किंगपिनचे नवे बुश बसवल्यावर रीमर मारून माप जुळवावे आणि बुशचे छिद्र ग्रीसच्या वाटेसमोर आले आहे ना ते पाहावे. छिद्र चुकले तर ग्रीस आत जात नाही आणि नवे काम वर्षभरात वाया जाते. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत. नटाची स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी घालावी. यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. सर्व झाल्यावर अलाइनमेंट करावे, आधी नव्हे. सुटे भाग बिलावरच घ्यावेत.

मासळीचा फेरा झाला की त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवावी. पावसाच्या आधी आणि नंतर ग्रीस अवश्य मारावे व मध्येही कंपनीने सांगितल्यापेक्षा लवकर मारावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि आंब्याचा हंगामही संपलेला असतो. पुढच्या बाजूचे मोठे काम काढायला आपल्याकडे याहून सोयीचा काळ नाही.

गॅरेजवाल्या भावांसाठी

मिस्त्री लोकांसाठी यात एक स्वतंत्र काम आहे. जुनी गाडी तपासून देण्याची ठरावीक फी ठेवावी आणि प्रत्येक सांध्याची स्थिती लिहून, सही करून कागद द्यावा. एकच अट पाळावी. ज्याच्याकडून फी घेतली त्याचेच काम करावे, दलालाकडून त्याच सौद्याचे कमिशन घेऊ नये. गिऱ्हाईक आयुष्याची पुंजी आपल्या शब्दावर लावतो, तेव्हा तो शब्द ही त्याची अमानत आहे.

विकणाऱ्यानेही ऐब सांगून गाडी विकावी. माल लपवून विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे तर लपवलेला दोष घाटात कुणाच्या तरी जिवावर येऊ शकतो. किंगपिन झिजला आहे असे सांगितल्याने किंमत थोडी कमी होईल, पण ती गाडी घेणारा पुढच्या वेळी पुन्हा आपल्याकडेच येईल.